चार षटकांचा गोलंदाज, तीन दिवसांचा सामना

आबिड्सपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात हैदराबादच्या क्रिकेटचा बराचसा इतिहास सापडतो. बशीरबागेकडे वळलं की निजाम कॉलेजचं मैदान लागतं. जवळच लालबहादूर स्टेडियम, म्हणजे जुनं फतेह मैदान. या शहरातला पहिला कसोटी सामना नोव्हेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध तिथेच झाला. गनफाउंड्रीत ऑल सेंट्स शाळा आहे. मोहम्मद अझरुद्दीन आणि वेंकटपती राजू तिथलेच. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर भारताने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली, तेव्हा विजयी फटका मारणारे सय्यद आबिद अली याच शहराचे. आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच ओव्हलवर शेवटचा बळी घेऊन भारताला ६ धावांनी जिंकून देणारा मोहम्मद सिराजही इथलाच.

त्या विजयानंतर एक वाद घराघरांत गेला. वेगवान गोलंदाजाची षटकं मोजून त्याला जपायचं, की टाकू द्यायचं? वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये वाढलेला मुलगा तीन, चार किंवा पाच दिवसांच्या सामन्याकडे वळतो, तेव्हा हा वाद सगळ्यात अवघड होतो. बेसबॉलमध्ये शेवटी येऊन पंधरा-वीस चेंडू टाकणाऱ्या पिचरला सुरुवातीपासून शंभर चेंडू टाकायला सांगतात, तेव्हा तिथेही हाच पेच पडतो.

या वादाच्या दोन बाजू मी एका मामाच्या आणि त्यांच्या भाचीच्या तोंडी घातल्या आहेत. मामा बँकेतून निवृत्त झालेले, तरुणपणी हैदराबादच्या लीगमध्ये मध्यमगती गोलंदाजी केलेले. भाची फिजिओथेरपिस्ट. विषय मामांच्या सतरा वर्षांच्या नातवाचा. रविवारचा फुटपाथवरचा पुस्तकबाजार पालथा घालून दोघं आबिड्सच्या ताजमहाल हॉटेलात इडली-कॉफीला बसले आहेत.

मामा : मला सरळ सांग. क्लबने पोराला तीन दिवसांच्या लीगमध्ये नव्या चेंडूने टाकायला बोलावलंय. अशी संधी या शहरात सहज मिळत नाही. आणि तू त्याच्या बापाला फोन करून म्हणतेस, थांबा. कशासाठी थांबायचं?

भाची : थांबा नाही म्हटलं, मामा. आठ आठवडे द्या म्हटलं. गेली दोन वर्षं तो फक्त वीस षटकांच्या स्पर्धा खेळतोय. सामन्यात चार षटकं टाकली की काम संपलं. त्याला एकदम तीन दिवसांच्या सामन्यात उतरवलं, तर पहिल्याच दिवशी अठरा-वीस षटकं पडतील.

मामा : हौ, पडतील. मग? आमच्या वेळी कोण मोजत होतं? कप्तान म्हणायचा टाक, आम्ही टाकायचो. कपिलने १३१ कसोटी खेळल्या, २७,७४० चेंडू टाकले. दुखापतीसाठी एक कसोटी सोडली नाही त्याने. आणि सिराजचं काय? इंग्लंडमध्ये पाचही कसोटी खेळला. १८५.३ षटकं, २३ बळी. पाचव्या दिवशी सकाळी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, चार गडी हातात. त्या चारांतले तीन त्याने घेतले, आणि शेवटचा यॉर्कर ताशी १४३ किलोमीटरने टाकला. त्यानंतर गावसकरांनीच सांगितलं की, वर्कलोड हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून काढून टाका. सरहद्दीवरचा जवान थंडीची तक्रार करतो का?

भाची : गावसकरांचा मुद्दा मनाच्या तयारीचा आहे, आणि तो मला मान्य आहे. ज्याला टाकायचंच नाही, त्याला कुठलंच वेळापत्रक वाचवत नाही. पण जवानसुद्धा पहिल्या दिवशी उंच चौकीवर जात नाही. आधी त्याचं शरीर त्या उंचीला सरावू देतात. मी तेवढंच मागतेय. आणि सिराजचं उदाहरण तुम्ही देताय तर ते पूर्ण बघू. तो एकदम ओव्हलवर पोचला का?

मामा : फर्स्ट लान्सरच्या गल्लीतला पोरगा तो. बाप रिक्षा चालवायचा. टेनिस बॉलने खेळायचा, कुणी शिकवलेलं नाही. २०१५ मध्ये चारमिनार क्लबकडून लेदर बॉल हातात घेतला आणि त्याच वर्षी रणजी खेळला!

भाची : आणि कसोटी कधी खेळला? २६ डिसेंबर २०२०, मेलबर्न. मधल्या पाच वर्षांत काय झालं ते बघा ना. २०१६-१७ च्या रणजी मोसमात ४१ बळी. तेव्हा हैदराबादला भरत अरुण प्रशिक्षक होते. मग भारत ‘अ’ संघाकडून लाल चेंडूचे सामने. म्हणजे चार-चार दिवसांच्या सामन्यांतली पाच वर्षं त्याच्या पाठीशी होती. गाबावर डावात पाच बळी घेणारा सिराज, वडील गेल्यावरही ऑस्ट्रेलियात राहिलेला सिराज, सगळं खरं. पण त्या धैर्याला साथ देणारं शरीर पाच वर्षांत तयार झालं होतं. ओव्हलच्या सकाळी दिसलं ते त्याचं फळ.

मामा : म्हणजे तो टाकून टाकूनच तयार झाला. मी तेच म्हणतोय.

भाची : टाकून टाकून, पण चढत चढत. आपला पोरगा उडी मारणार आहे. आकडे बघा. आयपीएलच्या साखळीत एका संघाचे चौदा सामने. प्रत्येकात पूर्ण चार षटकं टाकली तरी दोन महिन्यांत ५६. सिराजने इंग्लंडमध्ये २० जून ते ४ ऑगस्ट, दीड महिन्यात, त्याच्या तिपटीहून जास्त टाकली. २०२३ मध्ये आयपीएलचा अंतिम सामना २९ मेच्या रात्री उशिरा संपला, आणि ७ जूनला जागतिक कसोटी विजेतेपदाचा सामना सुरू झाला. मध्ये जेमतेम आठवडा. दोन महिने चार षटकांची सवय लागलेल्या शरीराला आठवड्यात वीस षटकांची सवय कशी लागेल?

मामा : व्यावसायिक खेळाडू आहेत ते. नेटमध्ये टाकत असतील.

भाची : जे टाकतात ते टिकतात. जे टाकत नाहीत त्यांची फजिती होते, आणि ती सोसावी लागते संघाला. तुम्हाला झहीर आठवतो ना, २०११ चा?

मामा : आपला श्रीरामपूरचा. लॉर्ड्स. पहिल्याच दिवशी मांडी धरून बाहेर गेला.

भाची : १३.३ षटकं टाकून. दोन एप्रिलला विश्वचषक जिंकला, आठवड्यात आयपीएल सुरू झालं, ते मेअखेरपर्यंत चाललं, आणि २१ जुलैला लॉर्ड्स. हॅमस्ट्रिंगने मालिका संपली त्याची, आणि आपण ४-० ने हरलो.

मामा : थांब. त्याच झहीरचं दुसरं वर्ष मी सांगतो. २००६. संघातून बाहेर होता. घरी बसून पाठ शेकली नाही त्याने. वूस्टरशायरला गेला आणि कौंटीच्या एका मोसमात ७८ बळी घेतले. आठवड्यामागून आठवडे, दिवसभर गोलंदाजी. धाव-पट्टा आखडला, लय सापडली. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये आपण मालिका जिंकलो, त्यात त्याचे १८ बळी, नॉटिंगहॅमला एका सामन्यात नऊ. त्याला कामाने मोडलं नाही, कामाने घडवलं. मला भीती वाटते ती या पोरांच्या कमी टाकण्याची. मयंक यादव बघ. २०२४ च्या आयपीएलमध्ये ताशी १५६.७ किलोमीटर. फक्त चार षटकं! तरी बरगडीजवळचा स्नायू गेला, मग पाठ गेली, पुढे शस्त्रक्रिया. कमी टाकून वाचला का तो?

भाची : नाही वाचला. आणि या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. कमी टाकणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. चार षटकांच्या गोलंदाजाचा प्रत्येक चेंडू शंभर टक्के ताकदीचा असतो, कारण मागे काही राखायचं नसतं. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये पिचर्सच्या दुखापतींवर अहवाल काढला. त्यांच्याकडे आधीपेक्षा कमी चेंडू टाकून घेतात, तरी कोपराच्या शस्त्रक्रिया वाढत गेल्या. अहवालाने बोट ठेवलं ते वेगाच्या हव्यासावर, आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकण्याच्या सवयीवर. म्हणून नुसती षटकं मोजणं अपुरं आहे. किती टाकलं, किती जोराने टाकलं, आणि किती दिवसांत किती वाढवलं, या तिन्ही गोष्टी एकत्र बघाव्या लागतात.

मामा : ठीक. पण हे शरीरात नेमकं काय होतं, ते सांग. नुसतं ‘लोड, लोड’ ऐकून मी कंटाळलोय.

भाची : वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आपटतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाचपट, कधी त्याहून जास्त जोर त्या पायातून वर जातो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, बाजूला झुकलेली आणि वळत असते. उजव्या हाताच्या गोलंदाजाला बहुधा कमरेच्या डाव्या बाजूच्या मणक्यात चीर पडते, ती यामुळे. आता हाडाची गंमत अशी की, भार वाढला की ते आधी जुना भाग झिजवतं आणि मग नवा बांधतं. झिजणं लवकर होतं, बांधणीला कित्येक आठवडे लागतात. रस्ता खणून झालाय, डांबर अजून पडायचंय, असा तो काळ. त्याच काळात आणखी जड वाहतूक सोडली की रस्ता खचतो. आणि सतराव्या वर्षी कमरेची हाडं पूर्ण भरलेलीही नसतात. त्याला विशीचा मध्य उजाडतो.

मामा : म्हणजे आज जास्त टाकलं, तर दुखणं आज येत नाही?

भाची : हाच सगळ्यात फसवा भाग आहे. ऑस्ट्रेलियाचे क्रीडावैद्यक जॉन ऑर्चर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेगवान गोलंदाजांचा अभ्यास मांडला. एका सामन्यात पन्नासपेक्षा जास्त षटकं टाकणाऱ्यांना पुढच्या २१ दिवसांत दुखापतीचा धोका पावणेदोन पट होता. धोका सामन्यात नव्हता, त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत होता. म्हणून पोरगा पहिला सामना झाल्यावर म्हणेल, ‘आजोबा, मी एकदम ठीक आहे.’ तुम्हीही म्हणाल, बघ, काही झालं नाही. आणि तिसऱ्या सामन्यात तो कंबर धरून बसेल. जोफ्रा आर्चर आठवा. नोव्हेंबर २०१९, न्यूझीलंडमध्ये माउंट माँगानुई. एकाच डावात ४२ षटकं टाकायला लावली त्याला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कोपराच्या हाडात चीर सापडली. पुढे दुखापती लागोपाठ येत गेल्या. ती ४२ षटकंच एकमेव कारण होती असं मी म्हणणार नाही. पण मधली चार वर्षं तो कसोटीच खेळला नाही, थेट जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्सवर परतला.

मामा : बेसबॉलवाले हा बदल कसा करतात? तुझं तिकडे लक्ष असतं म्हणून विचारतो.

भाची : तिकडे सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला स्टार्टर म्हणतात. तो चार-पाच दिवसांच्या विश्रांतीनंतर नव्वद-शंभर चेंडू टाकतो. रिलीव्हर शेवटी येतो, पंधरा-वीस चेंडू पूर्ण जोराने टाकतो, कधी लागोपाठच्या दिवशीही. तीन गडी बाद झाले की पिचरच्या खात्यात एक डाव जमा होतो. गॅरेट क्रोशे नावाचा डावखुरा शिकागो व्हाइट सॉक्सकडे रिलीव्हर होता. २०२२ मध्ये कोपराची मोठी शस्त्रक्रिया झाली. २०२३ मध्ये मेजर लीगमध्ये त्याने तेरा डावही टाकले नाहीत. २०२४ मध्ये त्याला स्टार्टर केलं. ३२ सामने दिले, पण मोसमाच्या उत्तरार्धात प्रत्येक वेळी चार डावांच्या आसपास थांबवलं. एकूण झाले १४६. पुढच्या वर्षी बोस्टनकडून त्याने २०५ डाव टाकले आणि सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक २५५ गडी स्ट्राइकआउट केले.

मामा : म्हणजे त्याला बसवून नाही ठेवलं.

भाची : नाही. ३२ वेळा चेंडू हातात दिला. ठराविक दिवशी, ठराविक तयारीने. फक्त प्रत्येक वेळी लवकर परत घेतला. सवय स्टार्टरची लावली, ओझं हळूहळू चढवलं.

मामा : हे मला पटतं. पण मला दुसरी गोष्ट पटत नाही, आणि ती मी बोलणारच. ओव्हलला बुमराहला बसवलं. मालिका दोन-एकने मागे, शेवटची कसोटी, आणि देशाचा सर्वोत्तम गोलंदाज बाहेर! कारण काय, तर आधीच ठरलं होतं की तीनच कसोटी. क्रिकेट कागदावर ठरवायचं का?

भाची : बुमराहची पाठ बघा ना. २०१९ मध्ये कमरेच्या हाडाला चीर. मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात १५१.२ षटकं, ३२ बळी, आणि सिडनीच्या दुसऱ्या डावात पाठीने त्याला एकही चेंडू टाकू दिला नाही. १६२ धावांचं लक्ष्य त्याच्याशिवाय राखायचं होतं, आपण हरलो. पुढे चॅम्पियन्स करंडकही हुकला. दुसऱ्यांदा चिरलेली पाठ म्हणजे कारकीर्द संपण्याची भीती. मी त्या संघात असते तर तीनच कसोटी म्हटलं असतं.

मामा : आणि मी म्हटलं असतं, तीन ठरल्या तर त्यातली एक शेवटच्या कसोटीसाठी राखून ठेवा. विश्रांती द्यायची ती मालिकेच्या मध्ये द्या, निर्णायक दिवशी नको. खेळाडू जपायचा कशासाठी? याच दिवसासाठी ना?

भाची : अमेरिकेत २०१२ मध्ये अगदी हाच वाद झाला. वॉशिंग्टन नॅशनल्सकडे स्टीफन स्ट्रासबर्ग हा तरुण पिचर होता. कोपराची शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षं झाली होती. ९८ सामने जिंकून संघ लीगमध्ये सगळ्यांच्या पुढे होता. तरी १५९ डाव झाल्यावर सप्टेंबरमध्ये त्याला थांबवलं. बाद फेरीत संघ पहिल्याच मालिकेत गारद झाला. तुमच्या बाजूचे लोक आजही त्याबद्दल हळहळतात. पण त्याच स्ट्रासबर्गने २०१९ मध्ये तोच संघ विजेता केला आणि वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मामा : आणि त्यानंतर?

भाची : त्यानंतर उरलेल्या कारकिर्दीत फक्त आठ सामने. शरीर पुन्हा बिघडलं.

मामा : बघ. जपूनही मोडलाच. आणि २०१२ पुन्हा आलं नाही.

भाची : जपलं म्हणून २०१९ आलं, असंही म्हणता येतं. सिद्ध दोघांनाही करता येणार नाही. पण एक मान्य करते, मामा. २०१२ मध्ये त्यांनी मर्यादा ठरवली, पण मोसमाच्या सुरुवातीला त्याला हळू चालवलं नाही. मर्यादा महत्त्वाच्या महिन्यात येऊन संपली. तुमचं म्हणणं त्या बाबतीत खरं आहे. विश्रांती आधीच पेरावी लागते. ती शेवटी वजा करून मिळवायची नसते.

मामा : आता माझं ऐक. तू हाडाचं सांगितलंस, मी हाताचं सांगतो. पोराची खरी अडचण वेगळी आहे. त्याच्याकडे संथ चेंडू आहे, यॉर्कर आहे, वाइड यॉर्कर आहे. पण एकाच टप्प्यावर सहा चेंडू टाकता येत नाहीत त्याला. फलंदाज धावा काढायला धडपडत नसेल, तर त्याला बाद कसं करायचं, ते माहीत नाही. चार षटकांत फलंदाज चूक करतो. तीन दिवसांत ती त्याच्याकडून करून घ्यावी लागते. आणि जेवणानंतरचा दुसरा स्पेल, उन्हात, जुना चेंडू, मऊ झालेला. पाय जड झालेत, तेव्हा धाव-पट्टा थोडा आवरून, वेग नव्वद टक्क्यांवर ठेवून टप्पा धरायचा असतो. हे तुझ्या वहीतून येत नाही. हे थकल्यावर टाकूनच येतं.

भाची : हे मी त्याला शिकवू शकत नाही, तुम्हीच शिकवाल. आणि तुम्ही सांगताय त्यातच दुखापतीचं औषधही आहे. ज्याला नव्वद टक्क्यांत टाकता येतं, तो वीस षटकं टाकू शकतो. थकून अॅक्शन मोडली की कमरेवर भार वाढतो. म्हणून दुसरा स्पेल शिकवायचाच, पण आखून.

मामा : मग आख. आठ आठवडे म्हणालीस. काय करायचं त्यात?

भाची : सध्या आठवड्याला दोन सामने आणि तीन वेळा नेट धरून तो साधारण १४० चेंडू टाकतो. तीन दिवसांच्या एका सामन्यात त्याने दोन डावांत मिळून ४० षटकं टाकली, तर २४० चेंडू झाले. नेटचे साठ धरा. तीनशे. दुपटीहून जास्त, तेही एका आठवड्यात. माझा बेत असा आहे : पहिला आठवडा आहे तसाच, दुसऱ्या आठवड्यात १६०, तिसऱ्यात १८०, चौथ्यात परत १४०. मग १९०, २१०, २३०, आणि आठव्यात १७० वर आणून ताजातवाना करायचा. चेंडूंबरोबर स्पेलही वाढवायचा. आधी चार षटकं, मग पाच, मग सहा. पाचव्या आठवड्यापासून एका दिवसात दोन स्पेल, मध्ये तासाभराची क्षेत्ररक्षणाची धावपळ. लागोपाठ दोन दिवस टाकायचं, तिसरा दिवस सुट्टी.

मामा : आणि हे आकडे आले कुठून? कुठल्या ग्रंथातून?

भाची : क्रीडाशास्त्रज्ञ टिम गॅबेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू आठवड्याचा भार आणि तो धरून गेल्या चार आठवड्यांची सरासरी यांचं गुणोत्तर काढायला शिकवलं. ०.८ ते १.३ च्या आत ठीक, दीडच्या वर गेलं की सावध. पोराचं तीनशे चेंडूंचं गणित केलं तर ते १.६७ येतं. माझ्या बेतात सगळ्यात जड आठवडाही १.२ च्या आत राहतो. पण खरं सांगायचं तर या गुणोत्तरावरही अभ्यासकांनी कडक टीका केली आहे. त्यावरून कोण जखमी होईल हे सांगता येत नाही. मी ते भाकीत म्हणून वापरत नाही. उडी किती मोठी आहे, ते डोळ्यांसमोर यावं, एवढ्यासाठी वापरते. रोज सकाळी कंबर कशी आहे, झोप झाली का, कालपेक्षा अंग जड आहे का, हे त्याला विचारायचं. एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर कमरेच्या एकाच बाजूला दुखलं, तर आकडे काहीही म्हणोत, गोलंदाजी बंद आणि डॉक्टरकडे.

मामा : आणि पहिल्या सामन्यात कप्तानाने पंचवीस षटकं मागितली तर?

भाची : इंग्लंडच्या मंडळाने या वयाच्या वेगवान गोलंदाजांना एका स्पेलमध्ये सात आणि दिवसात अठरा षटकं अशी मर्यादा अनेक वर्षं घातली आहे. अमेरिकेत सतरा-अठरा वर्षांच्या पिचरला दिवसात १०५ चेंडू, आणि ८० च्या वर गेला की चार दिवस विश्रांती. कप्तानाला आधीच सांगायचं : दिवसात अठरा. कप्तान समजूतदार असेल तर ती अठरा षटकं कधी वापरायची, हे तो आपणहून ठरवेल.

मामा : ते मी सांगेन त्याला. माझं ऐकेल तो. पण मला एक कळत नाही. १४० चेंडू म्हणालीस. हे त्याच्या बापाला माहीत आहे?

भाची : नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. पोरगा कॉलेजकडून खेळतो, क्लबकडून खेळतो, अकादमीत नेट करतो, आणि सुट्टीत कुणी बोलावलं की टेनिस बॉलच्या स्पर्धेतही जातो. कॉलेजचे सर म्हणतात, आमच्याकडे फक्त चार षटकं. क्लब म्हणतो, आमच्याकडे फक्त रविवारी. अकादमी म्हणते, आम्ही तर फक्त नेट घेतो. प्रत्येकाचं खरं आहे, पण बेरीज कुणीच करत नाही. मोठ्या खेळाडूंची बेरीज भारतीय क्रिकेट मंडळाच्या बेंगळुरूमधल्या सेंटर ऑफ एक्सलन्समध्ये होते. इथल्या सतरा वर्षांच्या पोराची बेरीज त्याच्या घरीच व्हायला हवी.

मामा : मग ती मी करतो. बँकेत छत्तीस वर्षं बेरजाच केल्या आहेत. पण माझी अट आहे. चेंडू मोजून त्याला घाबरवायचं नाही. आज दीडशे झाले म्हणून हात आखडता घ्यायचा नाही. ठरलेले चेंडू पूर्ण जिद्दीने टाकायचे.

भाची : कबूल. आणि माझी अट : ठरलेले संपले की तुम्हीच त्याला थांबवायचं. ‘अजून एक षटक टाक’ म्हणायचं नाही.

संवाद इथे थांबतो. बुमराहच्या प्रश्नावर दोघांचं जुळलं नाही, जुळायची गरजही नाही. पस्तिशीकडे निघालेल्या, पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या गोलंदाजाचा हिशेब वेगळा आणि वाढत्या वयातल्या मुलाचा वेगळा. मुलाच्या बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे. वेगवान गोलंदाज षटकं टाकूनच तयार होतो, हे मामांचं म्हणणं खरं. तो मोडतो अचानक वाढवलेल्या षटकांनी, हे भाचीचं म्हणणंही तितकंच खरं. सिराज, झहीर आणि क्रोशे या तिघांकडून शिकायचं ते हेच की, ओझं वाहायला शिकवावं लागतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना विनंती. एक साधी वही करा. सामना, नेट, शाळा, क्लब, गल्ली, सगळीकडचे चेंडू रोज रात्री त्यात लिहा. दर रविवारी बेरीज करा आणि मागच्या चार आठवड्यांशी ताडून बघा. एकदम मोठी वाढ दिसली तर प्रशिक्षकाला ती वही दाखवा. आणि प्रशिक्षकांनो, पालक वही घेऊन आले तर तो तुमच्यावरचा अविश्वास समजू नका. त्या मुलाला वयाच्या पंचविशीतही गोलंदाजी करता यावी, यासाठीच ते आलेले असतात.